फडक्याची कोरडी बाजू

“बम! बम फुट्या रे! भागो!”

चौकीतला शिपाई ओरडत बाहेर आला, तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात काहीच नव्हतं. त्याच्या मागं दुसरा शिपाई. त्याच्याही मागं ना धूर, ना जाळ – नुसता एक वास. आंबूस, गोड, सकाळच्या पारी शिंदीच्या झाडाखाली येतो तसा. रस्त्यावरची माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. एका गाडीवानानं बैल सोडले आणि स्वतःच गाडीखाली शिरला. मी चौकीसमोरच्या लिंबाखाली बसलो होतो. बसूनच राहिलो. पुढं लोक म्हणाले, सिद्रामची छाती बघा, बाँब फुटला तरी गडी जागचा हलला नाही.

छाती कसली? वास नाकात गेला आणि उठायचं राहूनच गेलं. काय फुटलंय, हे मला कळलं होतं. का फुटलंय, हेसुद्धा. साऱ्या मुलखात त्या घडीला ते कळलेला मी एकटाच होतो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकांना नाही, देवालाही नाही – तो जाणून असेल तर त्याचं तो जाणे. उलट सांगितलं ते भलतंच, आणि ते हजार वेळा सांगितलं. आता लिहितोय. बोलायला बसलो तर पुन्हा रंगवीन, ही माझी खोड मला ठाऊक आहे. कागदावर माझा हात संथ चालतो. थापेला वेग लागतो.

तर आधी माझी ओळख. मी जळकोट-नळदुर्ग पट्ट्यातला नामांकित थापाड्या. आग्या मोहोळाच्या माशा मागं लागल्या म्हणून मी बोरी नदीत बुडी मारली आणि वर आलो तो थेट सोलापूरच्या तळ्यात, ही माझी थाप. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या तोफेत मी एका पावसाळ्यात बिऱ्हाड केलं होतं, हीसुद्धा माझीच. लोक म्हणायचे, सिद्राम बोलला की निम्मं वाऱ्यावर सोडा आणि उरलेलं शेजाऱ्याला विचारा. पण ऐकायला बसायचे. मी बोलत असलो की भाकरी करपायच्या, बैल तहानलेले राहायचे. मला त्याचा गर्व होता. अजून आहे का? असेल. आज त्याबद्दल नको.

माझी आई मी रांगत असताना गेली. शेजारी निंगव्वा होती. तिच्या भीमाला आणि मला तिनं एकाच ताटात वाढवलं. कानडी मुलूख जवळ, घरोघरी दोन भाषा. निंगव्वा मधाला जेनुतुप्प म्हणायची – मधमाशीचं तूप. आणि तूप कढवावं तशाच सोवळ्यानं ती मधाचं काम करायची. आम्ही दोघंही तिला अव्वा म्हणायचो. कुणी विचारलं, “निंगव्वा, पोरं किती?” तर दोन बोटं दाखवायची. घरात तिचा मुलगा एकच.

तिचा मध नुसता मध नसायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही दोघं माळावरनं, दऱ्यांतनं फुलं गोळा करून आणायचो. धायटीची लाल फुलं, बहाव्याची पिवळी. मग करवंदं पिकली की पाट्याच्या पाट्या. करवंदं चिरायची, बिया काढायच्या, सावलीत वाळवायची आणि धायटीच्या सुक्या फुलांसंगं कड्यावरच्या मधात मुरवायची. चाळीस दिवस. तो मध जुनाट खोकल्याला चालायचा. चाटण घेतलेला म्हातारा दुसऱ्या दिवशी कुस्ती खेळायचा, असं मी सांगत असे. कुस्तीचं सोडा, पण म्हातारा रात्रभर झोपायचा, हे खरं.

कड्यावरनं मध काढायचा तो भीमानं. कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा, एका हातात धुराचा पेंढा, दुसऱ्या हातात विळा. वर दोर धरायला मी. त्याचा जीव माझ्या मुठीत असायचा आणि हा गडी खाली लोंबकळत कानडीत गाणी म्हणायचा. एकदा मी वरनं ओरडलो, “भीम्या, दोर सोडू का रं?” तो म्हणाला, “सोड की. भूत होऊन तुज्याच मानगुटीवर बसतो.”

आता फडक्याचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मधात पाण्याचा अंश गेला की मध उठतो, आंबतो. आणि धायटीचं फूल तर असं, की ओलीची नुसती चाहूल लागली तरी सगळं फसफसून आणतं. म्हणून अव्वाचा एक नेम होता. वाळलेल्या करवंदांची मूठ पांढऱ्या फडक्याच्या घडीत घालायची, वर पाटा ठेवायचा, आणि जात्यावर एक सूप जोंधळे दळून होईपर्यंत तसंच राहू द्यायचं. मग घडी उघडायची. फडक्याला जोंधळ्याएवढा जरी डाग पडला, तरी सगळी करवंदं परत सावलीत. कुणाची घाई असो, कुणी आजारी असो. ते फडकंही तीच धुवायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. फडकं कोरडं दिसल्याशिवाय तिच्या घरातनं एक बरणी कधी बाहेर पडली नाही.

एक सोडून.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. हद्दीपल्याड सोलापुरात झेंडा बदललेला, अलीकडं आम्ही अजून ताटकळत. नाक्यांवर, चौक्यांवर अधनंमधनं हल्ले व्हायचे. कुठं खरे, कुठं माझ्यासारख्यांच्या तोंडून झालेले. शिपाई पाचोळा वाजला तरी बंदुकीला हात घालायचे. अशा दिवसांत शहाणी माणसं चौकीच्या वाटेनं जायची नाहीत. मी जायचो. शिपायांना माझ्या थापा आवडायच्या. जमादारालासुद्धा. चार हत्यारबंद माणसं आपल्या शब्दावर खदखदा हसतात, याची एक नशा असते – तुम्हाला ठाऊक असेल तर असेल.

एके दिवशी जमादार हसला नाही. त्याची म्हातारी आई गावी खोकल्यानं बेजार होती. मी तिथल्या तिथं फुशारकी मारली. म्हणालो, साब, आमच्या घरचा मध असा की मेलेला उठून कफन घडी घालून ठेवतो. तो म्हणाला, पंधरवड्यानं मी आईकडं जाणार आहे, तोवर होईल? मी छाती ठोकली. होईल म्हणजे? झालाच समजा!

झालाच समजा. काय झालं होतं? करवंदं चारच दिवसांपूर्वी सावलीत पडली होती.

अव्वानं ऐकलं आणि ती जात्यावरनं उठलीसुद्धा नाही. “अजून आठ दिस तरी पायजेत. मग मुरायला चाळीस. थांब म्हनावं.”

“जमादाराला थांब म्हनू?”

“खोकल्याला म्हन. त्यो ऐकतोय का बग.”

शेवटी ती एवढ्याला कबूल झाली, की बरणी भरून देऊ, पण म्हातारीनं चाळीस दिवस उघडायची नाही, असं बजावून सांगायचं. मात्र करवंदं कोरडी झाल्याशिवाय नाही. दोन दिवसांनी तिनं फडकं लावून पाहिलं. रुपयाएवढा डाग. आणखी दोन दिवसांनी ती दळायला बसली होती, तेव्हा मीच म्हणालो, “अव्वा, मी लावतो फडकं. तू दळ.”

इथं माझा हात अडतोय. गंमत बघा – तोफेतलं बिऱ्हाड मी डोळ्याची पापणी न लववता सांगतो, आणि हे एक फडकं लिहायला घाम फुटतो.

मी मूठभर करवंदं घडीत घातली. पाटा ठेवला. जातं घरघरत होतं, अव्वा ओवी म्हणत होती. दळण संपलं. मी पाटा उचलून घडी उघडली – डाग होता. लहान नव्हता. चिंचोक्याएवढे चार-पाच, जांभळे, ओले. मी त्यांच्याकडं पाहिलं. आणि मी काय विचार केला? अव्वाचा नाही, म्हातारीचा नाही. मी विचार केला, की चौकीत जाऊन “अजून झालं नाही” म्हणावं लागेल आणि ते चौघं हसतील – माझ्या शब्दावर नाही, मला.

“दाखव,” अव्वा आतनं म्हणाली.

मी फडकं पुन्हा दुमडलं. डाग आत घेतले. उंबऱ्यातनं तिला कोरडी बाजू दाखवली.

तिनं जात्यावरनंच पाहिलं. माझ्या हाताकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं नाही. माझ्या तोंडावर तिचा विश्वास नव्हताच कधी, पण हातावर होता. त्याच हातात तिच्या लेकाचा दोर असायचा. म्हणाली, “बरं. भर मग.”

एवढंच. एक थापसुद्धा नाही. मी एक शब्द बोललो नाही. फडकं मी छपराच्या पाचटात खोल कोंबलं. संध्याकाळी तिनं विचारलं, फडकं कुठाय, तर म्हणालो वाऱ्यानं उडालं. त्या दिवशी वारा नव्हता.

बरणी मेणानं बंद करून सात दिवस तिच्या कोनाड्यात राहिली. न्यायच्या दिवशी सकाळी भीमानं ती खाली काढली आणि तो थबकला.

“सिद्राम, मेण उचललंय रं.”

“उन्हानं असंल.”

“कोनाड्यात कुटलं ऊन?”

मला तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हा तर नक्कीच. झाकण काढलं असतं तर फसफस दिसली असती, मध कुत्र्यानं चाटला असता, अव्वानं चार शिव्या घातल्या असत्या. मी काय म्हणालो? म्हणालो, “मोठा वैद्य लागून गेलास. वरनं लाख ओत आन तार आवळ. वाटंत सांडली तर जमादार माझी कातडी सोलंल.”

भीमानं लाख ओतली. तार आवळली. त्याच्या हातचं काम म्हणजे मुंगीला आत जायला फट सापडायची नाही. मी बरणी डोक्यावर घेतली आणि भर उन्हातनं दोन कोस चाललो. वाटेत हिंदकळली, तापली. चौकीत जमादारानं ती दोन्ही हातांनी घेतली, अलगद, लेकरू घ्यावं तशी, आणि आतल्या फळीवर ठेवली. वर छपराचा तापलेला पत्रा. मला म्हणाला, बैठ. मी लिंबाखाली बसलो आणि गोष्ट सुरू केली. कुठली, ते आठवत नाही. ती पुरी झाली नाही.

बरणीचं झाकण छताला लागलं, तुकडे चारी भिंतींना. जमादाराचा गाल फाटला. तो बाहेर आला तेव्हा गालावरनं रक्त आणि मध एकदम ओघळत होतं, आणि माशा आल्यासुद्धा होत्या. त्याच्या हातात तारेचं वेटोळं होतं. तार. मधाच्या बरणीला कोण तार लावतं?

“मेरी माँ के वास्ते मंगाया था रे मैं,” तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “मेरी बुढ्ढी माँ के वास्ते.”

मग शिपायानं माझी मान धरली. दोन थोबाडीत बसल्या. जमादारानं तार माझ्या डोळ्यांपुढं धरली.

“ये किन्ने बांध्या?”

आता तुम्ही सांगा, या प्रश्नाचं उत्तर काय? शेकडो थापा मारलेला माणूस मी. मला तिथं एखादी थाप सुचू नये? वाटेत चोर भेटले, माकडानं बरणी पळवली, काहीही. किंवा उलट – खरं सांगावं. साब, बाँब नाही, ओली करवंदं आहेत, वास घ्या, चाटून बघा. चूक माझी आहे, डाग मी लपवला. त्यानं विश्वास ठेवला असता? ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, त्यामुळं ते कधीच ठाऊक होणार नाही.

मी म्हणालो, “भीमानं बांधली, साब. निंगव्वाच्या भीमानं. मी नुसता घेऊन आलो.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मला सोडलं. थापाड्यावर कुणाचा संशय येत नाही. तो बोलून मोकळा झालेला असतो, असं लोकांना वाटतं. भीमाला त्याच दुपारी घरातनं नेलं. तो जेवायला बसला होता. मी तिथं नव्हतो. हे मला मागनं कळलं, की हात धुवायचं तेवढं थांबा म्हणत होता. मी कुठं होतो? मी जळकोटच्या वाटेला लागलो होतो. तिथं माझा मामा होता. मामाला सांगितलं, पेरणीला हात द्यायला आलोय. पेरणीला अजून पाऊससुद्धा नव्हता.

अकरा दिवस मी तिथं राहिलो. अकरा दिवस भीमा आत होता. अव्वा रोज भाकरी बांधून दोन कोस चालत जायची आणि चौकीच्या दारात उभी राहायची. लोक सांगायचे, ती एवढंच म्हणायची, “त्यात जेनुतुप्पच हाय. दुसरं काय न्हाय.” शिपाई विचारायचे, मग फुटलं कसं? ती गप्प बसायची. मला वाटायचं, तिला ठाऊकच नाही, तर ती काय सांगणार?

तिला ठाऊक नाही, याचाच मला आधार होता. रात्री मामाच्या अंगणात पडल्यापडल्या एकच धास्ती असायची, ती भीमाची नव्हे – त्या फडक्याची. ते कुणाच्या हाती लागलं, कुणी चौकीत नेऊन दाखवलं, तर भीमा सुटेल आणि त्याच्या जागी मी. असा हिशेब मी करत होतो. एकाच ताटात जेवलेल्या माणसाचा.

परत आलो तेव्हा भीमा सुटून आलेला होता. पण मी आधी त्याला बघायला गेलो नाही. आधी छपराकडं गेलो. दुसऱ्या कुणाचं लक्ष नाही असं बघून पाचटात हात घातला, कोपरापर्यंत. फडकं नव्हतं. वाटलं, उंदरानं नेलं. आणि मला काय वाटलं म्हणता? सुटलो, असं वाटलं. मग घरात गेलो.

भीमा भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर पालथा. बोटं होती, पाचही होती, पण प्रत्येक आपापल्या दिशेला निघाल्यासारखं. मला बघून म्हणाला, “आलास व्हय? मला वाटलं, तुलाबी नेलं.” माझी काळजी करत होता तो. अकरा दिवस.

त्या हातात पुन्हा दोर राहिला नाही. त्या वर्षी कड्यावरची मोहोळं तशीच लोंबत राहिली. अव्वानं पाट्या उलट्या करून ठेवल्या. भीमा लोकांची शेरडं राखू लागला. डाव्या हातानं काठी धरायला शिकला, डाव्या हातानं जेवायला शिकला. मी त्याच्या घरी पाणी भरायचो, जळण आणायचो. गाव म्हणायचं, सिद्रामचा जीव बघा मित्रावर. मी ऐकून घ्यायचो.

इथंच थांबलो असतो तर मी भित्रा ठरलो असतो. भित्री माणसं पुष्कळ असतात. पण मी थापाड्या होतो.

पावसाळा सरता सरता हैदराबाद पडलं. जमादार एका रात्रीत कुठं गेला कुणास ठाऊक. त्याच्या म्हातारीचं काय झालं, हेही मला कधी कळलं नाही. गावोगाव झेंडे लागले. आमच्या मारुतीच्या पारापुढं सभा भरली, सोलापूरकडनं खादीवाले पाहुणे आले. त्यांनी विचारलं, या गावात जुलमाला कुणी टक्कर दिली? माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग मागनं कुणीतरी ओरडलं, “आमच्या सिद्रामनं चौकीत बाँब ठिवला हुता की!”

मी “न्हाई” म्हणालो. एकदा. हळू. इतकं हळू, की तो विनय वाटावा. तेवढं हळू कसं बोलायचं, हे मला येतं.

मला पारावर ओढलं. गळ्यात झेंडूचा हार. आणि समोर तोंडं – दोनशे, तीनशे. मी लोकांना पुढं हजार सांगत आलो. सगळी माझ्याकडं लागलेली. मी बोलायला लागलो. मला थांबता आलं नाही, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मला थांबायचं नव्हतं. मी सांगितलं, कसा मी बेत केला, कशी बरणी डोक्यावर मिरवत नेली, कसा स्फोट झाला आणि जमादाराची अर्धी मिशी मधासकट छताला चिकटली, कसा तो ती काढायला शिडी शोधत राहिला. लोक लोळून हसले. टाळ्यांचा कडकडाट. त्या गर्दीत मला भीमा दिसला. तोही हसत होता. त्याला दोन हातांनी टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून तो डाव्या हातानं मांडीवर थापटत होता.

भीमाच्या हाताचं मी एका शब्दानं बोललो नाही. तार त्यानं आवळली होती, हेही नाही. चौकीत त्याचं नाव मी पुरवलं होतं. पारावर ते गिळलं.

ती मिशीची गोष्ट मी पुढं चाळीस वर्षं सांगितली. लग्नांत, बारशांत, बाजारात, एकदा तर मयताला गेलो होतो तिथंही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचे असाल तर ऐकलीही असेल. भीमा हयात होता तोवर तो समोर असला, की मला म्हणायचा, “सिद्राम, मिशीचं सांग.” त्याला तीच आवडायची. माझ्यामुळं आपण पकडले गेलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण बाँबवाल्याचे दोस्त होतो, एवढंच तो उराशी धरून होता. तो गेला तेव्हा त्याच्या तिरडीला मी खांदा दिला.

आता एकच राहिलं. सभेच्या दिवसाचंच.

सभा उठली. लोकांनी मला गावभर फिरवलं. तिसऱ्या प्रहरी मी एकटा अव्वाच्या दाराशी गेलो. अजून हार गळ्यातच होता. का गेलो? हार दाखवायला की सांगून टाकायला? दोन्ही असेल. अव्वा सभेला आली नव्हती. उंबऱ्यात बसून तरवडाची फुलं निवडत होती – किडकं एकीकडं, चांगलं एकीकडं. कड्यावरचा मध नव्हता, तरी सवयीनं. मी समोर बसलो. हार काढून बाजूला ठेवला. तिच्या सुपाशेजारी झेंडूचा तो ढीग फार मोठा दिसत होता.

मी म्हणालो, “अव्वा, ती बरनी – ती करवंदं –” आणि हारातलं एक फूल खुडलं.

तिनं मान वर केली नाही. एक किडकं फूल बाजूला टाकलं.

“फडकं गावलं हुतं मला, छपरात,” ती म्हणाली. “भीमाला नेलं त्याच दिशी. धुऊन टाकलं.”